नगरचा स्पाइक आणि मंगळावरचे टोळ

२६ जानेवारी १९५९, सोमवार. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाची मध्यरात्र उलटून गेली होती. तिकडे इंग्लंडात मात्र सुमारे १ कोटी १० लाख माणसं कृष्णधवल पडद्यासमोर बसून लंडन शहराचा विध्वंस पाहत होती. बीबीसीच्या ‘क्वाटरमास अँड द पिट’ या विज्ञानमालिकेचा तो सहावा आणि शेवटचा भाग. पुढच्याच सोमवारी, २ फेब्रुवारीला, त्याच बीबीसीच्या रेडिओवर त्याच मालिकेचं धमाल विडंबन वाजलं. नाव ‘द स्कार्लेट कॅप्सूल’, कार्यक्रम ‘द गून शो’, लेखक स्पाइक मिलिगन.

मिलिगनचं जन्मगाव अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर!

आजकाल एखादी मालिका संपली की तासाभरात तिच्यावर विनोदांचा पाऊस पडतो. पण १९५९ मध्ये, टाइपरायटरवर संहिता लिहून, कलाकार आणि वाद्यवृंद जमवून, प्रेक्षकांसमोर प्रयोग करून, सगळं काही आठवड्याच्या आत हवेत सोडायचं? एका प्रेक्षकाची इतकी झटपट आणि इतकी जोरकस प्रतिक्रिया मला तरी दुसरी माहीत नाही. आणि गंमत इथेच संपत नाही. या नगरच्या माणसाचा धागा पकडून निघालं की वाटेत मंगळावरचे टोळ भेटतात, डालेक भेटतात, आपले नारळीकर सर भेटतात आणि शेवटी आपण थेट खोडदला पोहोचतो. चला तर.

तोफखान्यातलं बाळ

टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन हे त्याचं खरं नाव. जन्म १६ एप्रिल १९१८, नगरच्या लष्करी हॉस्पिटलात. वडील लिओ मिलिगन हे आयर्लंडमधल्या स्लायगोचे, नोकरी ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात. नगरमध्ये तोफखाना नावाचा भागच आहे, त्यामुळे हा तपशील नगरकरांच्या सहज लक्षात राहील. लिओ यांना नाटकाचं विलक्षण वेड. लिओ गॅन हे नाव घेऊन ते छावण्यांमधल्या रंगमंचावर गाणी-नाच करत. पोराच्या रक्तात काय उतरलं ते वेगळं सांगायला नको.

बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब इंग्लंडला परतलं. दुसऱ्या महायुद्धात स्पाइकसुद्धा बापासारखाच तोफखान्यात गेला. १९४४ मध्ये इटलीत मॉन्ते कासिनोच्या लढाईत जखमी झाला आणि त्या धक्क्याने मनाने कोलमडला. पुढे आयुष्यभर नैराश्याचे झटके त्याला येत राहिले. ‘गून शो’त सारखे स्फोट होतात, बॉम्ब फुटतात, माणसं उडतात आणि पुढच्या वाक्याला पुन्हा हजर होतात. लिहिणाऱ्याने खऱ्या तोफा ऐकल्या होत्या हे माहीत झाल्यावर ते स्फोट वेगळेच ऐकू येतात.

एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. नगरकर आपल्या शहराचा स्थापना दिन २८ मे रोजी मानतात, साल १४९०. ‘गून शो’चा पहिला भाग प्रसारित झाला तोही २८ मेलाच, साल १९५१!

त्याने पाहिलं ते काय होतं?

‘क्वाटरमास अँड द पिट’ मी अलीकडे पुन्हा पाहिली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची मालिका, पडद्यावर दाणेदार प्रतिमा, प्लायवूडचे सेट. तरीही पहिल्या भागापासून अंगावर काटा येतो.

लंडनमध्ये एका इमारतीचा पाया खणताना आदिमानवाच्या कवट्या सापडतात. शास्त्रज्ञ खुश. मग मातीतून एक गुळगुळीत, प्रचंड वस्तू डोकं वर काढते. लष्कराला वाटतं, जर्मनांचा न फुटलेला बॉम्ब. हे त्या काळच्या लंडनकरांना सहज पटण्यासारखं होतं, कारण युद्धातले बॉम्ब तिथे बांधकामात खरोखरच सापडत होते. पण मग लक्षात येतं की कवट्या पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्या वस्तूच्या आतसुद्धा एक कवटी आहे. म्हणजे ही वस्तू जमिनीत आली ती त्या माणसांच्या काळात!

आतला बंद कप्पा उघडतो तेव्हा दिसतात मेलेले प्राणी. तीन पायांचे, टोळासारखे, डोक्यावर शिंगं. मंगळावरून आलेले. क्वाटरमास या शास्त्रज्ञाचा निष्कर्ष असा की आपला ग्रह मरतोय हे पाहून या टोळांनी पृथ्वीवरचे वानर उचलून नेले, त्यांच्या मेंदूत फेरफार केले आणि परत आणून सोडले. आपण त्यांचे वंशज. भुतंखेतं, सैतानाची शिंगं, रात्री-अपरात्री घरात आपोआप हलणाऱ्या वस्तू, हे सगळं म्हणजे मेंदूत उरलेली त्यांची आठवण. आणि आपल्या कळपापेक्षा वेगळा दिसेल त्याला मारून टाका, ही ओढसुद्धा तिथूनच आलेली.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त हादरवून गेला. लेखक नायजेल नील याने ही मालिका लिहिली त्याच वर्षी, १९५८च्या उन्हाळ्याच्या अखेरीला, लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या टोळक्यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर हल्ले केले होते. नीलने ती ताजी जखम उचलली आणि मंगळापर्यंत नेऊन भिडवली. पडद्यावर लंडनचे साधे रहिवासी अचानक एकमेकांच्या जिवावर उठतात, ते दृश्य आपल्याकडच्या कुठल्याही दंगलीचं वाटू शकतं. विज्ञानकथेने करायचं ते हेच, असं माझं ठाम मत आहे.

स्लॅडन नावाचा एक ड्रिल चालवणारा कारागीर यात आहे. यानाजवळ एकटा असताना त्याच्या डोक्यातली ती जुनी आठवण जागी होते. तो वेडावाकडा रस्त्यांतून पळत सुटतो, चर्चच्या आवारात कोसळतो आणि त्याच्या अंगाखालची वाळू-खडी लाटांसारखी हलू लागते. साधीशी युक्ती, पण ते दृश्य पाहून रात्री दिवा लावून झोपावंसं वाटतं.

मेजरचं पोट आणि मंगळाचं यान

आता सगळ्यांत चटपटीत भाग. या मालिकेतले कंप पावणारे, कानात घुसणारे आवाज बनवले बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने. एप्रिल १९५८ मध्ये लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत सुरू झालेला हा विभाग. टेपचे तुकडे कापायचे, उलटे वाजवायचे, वेग बदलायचा आणि जगात कुठेच नसलेला आवाज जन्माला घालायचा, हे त्यांचं काम. त्यांच्याकडे सिंथेसायझर अजून आला नव्हता, त्यामुळे सगळी मदार ब्लेड, चिकटपट्टी आणि चिकाटीवर.

याच खोल्यांमध्ये त्याच सुमारास आणखी एक आवाज घडत होता: ‘गून शो’मधल्या मेजर ब्लडनॉकच्या पोटाचा! हा मेजर हिंदुस्थानातल्या फौजेतून निवृत्त झालेला, भित्रा आणि लबाड. झणझणीत करी खाल्ल्याने त्याचं पोट सतत गुरगुरत असतं. आवाज पीटर सेलर्सचा, कल्पना मिलिगनची. छावणीत वाढलेल्या पोराने असले मेजर जवळून पाहिले असणार. डेस्मंड ब्रिस्को आणि डिक मिल्स ही मंडळी एकीकडे मंगळाच्या यानाची थरथर बनवत होती आणि दुसरीकडे मेजरच्या पोटातली खळबळ.

‘द स्कार्लेट कॅप्सूल’ लिहिताना मिलिगनने तर कमालच केली. विडंबनासाठी त्याने मालिकेतलेच अस्सल आवाज वापरले. म्हणजे आठवड्यापूर्वी ज्या आवाजाने लोकांच्या छातीत धडकी भरली, त्याच आवाजावर ते आता हसत होते. ‘गून शो’तला हॅरी सीकम झाला प्राध्यापक नेड क्वाटरमास. कवट्या, खड्डा, लष्कर, सगळं जागच्या जागी आणि सगळं उलटंपालटं. मूळ मालिका बारकाईने आणि मनापासून पाहिल्याशिवाय असलं विडंबन लिहिता येत नाही. मिलिगन पक्का प्रेक्षक होता.

सवय जुनीच

ही त्याची पहिली खोडी नव्हती. १२ डिसेंबर १९५४ रोजी बीबीसीने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चं टीव्ही-नाट्य सादर केलं. रूपांतर याच नायजेल नीलचं, दिग्दर्शन ‘क्वाटरमास’चाच दिग्दर्शक असलेल्या रुडॉल्फ कार्टिएचं, मुख्य भूमिकेत पीटर कुशिंग. छळाच्या दृश्यांवरून असा गदारोळ झाला की प्रकरण संसदेपर्यंत पोहोचलं. तरी बीबीसीने माघार घेतली नाही. चारच दिवसांनी कलाकारांनी तोच प्रयोग पुन्हा जिवंत सादर केला.

महिनाही उलटला नाही आणि ४ जानेवारी १९५५ला ‘गून शो’चा ‘नाइन्टीन एटी-फाइव्ह’ हजर! मिलिगन आणि एरिक साइक्स यांनी मिळून लिहिलेला. त्यातली सर्वसत्ताधारी संस्था म्हणजे खुद्द बीबीसी, आणि यातनागृहात कैद्यांना ऐकवले जातात बीबीसीचेच लोकप्रिय कार्यक्रम. लोकांना तो इतका आवडला की पुढच्याच महिन्यात पुन्हा सादर करावा लागला. आपल्याच पैशाने आपलीच चेष्टा प्रसारित करणाऱ्या बीबीसीलाही दाद द्यायला हवी.

जाता जाता: ऑर्वेलचा जन्म बिहारमधल्या मोतीहारीचा. म्हणजे मूळ कादंबरी मोतीहारीच्या माणसाची आणि विडंबन नगरच्या माणसाचं.

हातमोज्यातला राक्षस

नीलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९५३च्या पहिल्या ‘क्वाटरमास’ मालिकेत शेवटी एक अवाढव्य राक्षस लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पसरतो. बजेट जेमतेम आणि प्रसारण थेट. मग नीलने काय केलं? अ‍ॅबीचं एक मोठं छायाचित्र घेतलं, त्याला भोकं पाडली, पाल्यापाचोळ्याने मढवलेले हातमोजे चढवले आणि त्या भोकांतून स्वतःचे हात हलवले! मदतीला होती ज्युडिथ कर. ती पुढे त्याची बायको झाली आणि मुलांच्या पुस्तकांची जगप्रसिद्ध लेखिकाही. त्या मालिकेचे सहापैकी पहिले दोनच भाग आज उपलब्ध आहेत, त्यामुळे हातमोज्यांचा राक्षस पाहायची संधी कायमची गेली.

आणि ‘क्वाटरमास’ हे आडनाव? नीलला ते लंडनच्या टेलिफोन डिरेक्टरीत सापडलं. पहिलं नाव बर्नार्ड, ते रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड लव्हेल यांच्यावरून.

भाजीच्या दुकानावरचं ऑफिस

आता डालेक. ‘डॉक्टर हू’ ही मालिका ज्यांनी पाहिली नाही त्यांनीसुद्धा कधी ना कधी पालथ्या रांजणाच्या आकाराचे, किरट्या धातुमय आवाजात सगळ्यांना नष्ट करण्याचा हुकूम सोडणारे हे यंत्रमानव पाहिलेले असतात. (आत जिवंत प्राणी असतो, म्हणून यंत्रमानव म्हटलेलं चाहत्यांना खपत नाही.) डालेकचा जनक टेरी नेशन, आणि नेशनला लेखनात उभं केलं ते आपल्या मिलिगनने.

झालं असं. १९५०च्या दशकाच्या मध्यावर मिलिगन, एरिक साइक्स आणि रे गॅल्टन-अ‍ॅलन सिम्पसन या जोडीने मिळून लेखकांची एक संस्था काढली, असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स. लेखकांना निर्मात्यांच्या दयेवर जगावं लागू नये, ही त्यामागची धडपड. पहिलं ऑफिस शेफर्ड्स बुश भागात, एका भाजी-फळांच्या दुकानाच्या वर. तिथे एके दिवशी कार्डिफहून आलेला टेरी नेशन दाखल झाला. विनोदी नट म्हणून नशीब आजमावायला आला होता, पण डाळ शिजली नव्हती. नेशन पुढे मुलाखतींत सांगायचा की मिलिगनने त्याच्याकडे पाहिलं, चेकबुक काढलं, १० पौंडांचा चेक फाडून हातात ठेवला आणि एक ‘गून शो’ लिहून आणायला सांगितलं. उपाशी दिसणाऱ्या अनोळखी पोराच्या हातात आधी पैसे आणि मग काम! मिलिगनची ही एक कृती मला त्याच्या सगळ्या विनोदांहून मोठी वाटते.

नेशन त्या संस्थेत लेखक झाला. १९६३ मध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’साठी विचारणा केली तेव्हा त्याने आधी नकार दिला. तो टोनी हॅनकॉक या विनोदी नटासाठी लिहीत होता. हॅनकॉकशी बिनसलं, हातचं काम गेलं आणि नेशनने नाइलाजाने होकार दिला. २१ डिसेंबर १९६३च्या भागाच्या शेवटी प्रेक्षकांना दिसला तो फक्त डालेकचा पुढे येणारा हात. तो हात म्हणजे मोरी तुंबली की वापरतात तो रबरी प्लंजर! पुढच्या शनिवारी अख्खे डालेक दिसले आणि इंग्लंडातली पोरं सोफ्यामागे लपून मालिका बघू लागली.

खरी करामत मात्र ऑफिसातल्या बेरिल व्हर्ट्यू या बाईंची. सुरुवातीला टायपिंग आणि चिठ्ठीचपाटी सांभाळायला आलेल्या बेरिलबाई हळूहळू लेखकांच्या एजंट झाल्या. नेशनच्या वतीने करार करताना त्यांनी डालेकचे हक्क सगळेच्या सगळे बीबीसीकडे जाऊ दिले नाहीत. पुढे डालेकची खेळणी, पुस्तकं, चित्रपट यांचा पूर आला आणि नेशन मालामाल झाला. ज्याने डालेकचं रूप घडवलं तो डिझायनर रेमंड क्युसिक बीबीसीचा पगारी नोकर, त्यामुळे त्याला रॉयल्टी नाही. करारातल्या एका कलमाने केवढा फरक पडतो! आपल्याकडच्या लेखक-चित्रकारांनी हा किस्सा टेबलावर लिहून ठेवावा.

बेरिलबाईंची मुलगी स्यू व्हर्ट्यू, आणि स्यूचे पती स्टीव्हन मॉफट. हेच मॉफट २०१० ते २०१७ या काळात ‘डॉक्टर हू’चे सर्वेसर्वा होते. भाजीच्या दुकानावरच्या ऑफिसाची पोहोच पाहा.

त्याच ऑफिसातल्या गॅल्टन-सिम्पसन जोडीनेही १९५९ मध्ये क्वाटरमासवर हात साफ करून घेतला होता. त्यांच्या भागात हॅनकॉक मालिका पाहून इतका घाबरतो की बागेत सापडलेल्या वस्तूला मंगळाचं यान समजतो. निघतो खराखुरा बॉम्ब.

एक खटकणारा डालेक

१९७५च्या ‘क्यू सिक्स’ या टीव्ही मालिकेत मिलिगनने डालेकवरही हात टाकला. त्यात एका पाकिस्तानी कुटुंबात डालेक घरधनी म्हणून येतो आणि घरातल्या वस्तूंपासून कुत्र्यापर्यंत सगळं उडवत सुटतो. इंग्लंडात हा तुकडा वर्षानुवर्षं गाजला. मला तो आवडत नाही. त्या काळात तिथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या आशियाई माणसांना रोज रस्त्यावर टोमणे आणि दगड खावे लागत होते, आणि चेहऱ्याला रंग फासून त्यांच्या बोलीची नक्कल करणं हा मिलिगनचा नेहमीचा मसाला होता. १९६९ मध्ये त्याने असाच अवतार घेतलेली ‘करी अँड चिप्स’ ही मालिका सहा भागांत गुंडाळावी लागली. नगरला जन्मलेल्या, पुण्यात खेळलेल्या माणसाकडून अधिक समजुतीची अपेक्षा होती. नॉटिंग हिलच्या दंगलीतून नीलने काय उभं केलं, हे तर त्याने स्वतः पाहिलं होतं.

अडीच मिनिटांचं महायुद्ध

मिलिगनने स्वतःची विज्ञानकथाही लिहिली. जॉन अँट्रोबससोबतचं १९६२चं नाटक ‘द बेड सिटिंग रूम’, आणि त्यावर १९६९ मध्ये रिचर्ड लेस्टरने काढलेला चित्रपट. तिसरं महायुद्ध होऊन गेलंय. ते चाललं २ मिनिटं २८ सेकंद, त्यात तहावर सह्या करण्याचा वेळही धरलेला. किरणोत्सर्गामुळे माणसांची रूपं बदलतायत, आणि एक लॉर्डसाहेब हळूहळू भाड्याच्या खोलीत रूपांतरित होतात. खोलीत, शब्दशः, चार भिंती आणि दार! लॉर्डसाहेबांच्या भूमिकेत राल्फ रिचर्डसन.

लखनौचा दिग्दर्शक

‘डॉक्टर हू’शी जोडलेला, भारतात जन्मलेला आणखी एक माणूस आहे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रसारित झालेल्या त्या मालिकेच्या पहिल्यावहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन. जन्म लखनौचा, साल १९३८. वय पंचविशीच्या आत! आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडी यांची हत्या झाल्याने पहिला भाग अनेकांचा हुकला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवावा लागला.

कोल्हापूरचा विद्यार्थी, केंब्रिजचे गुरुजी

१९६१च्या ऑक्टोबरात बीबीसीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ सुरू झाली. रेडिओ दुर्बिणीला दूरच्या तारकासमूहातून संदेश मिळतो, त्यात एक संगणक बांधण्याच्या सूचना असतात. संगणक बांधला जातो आणि तो एक सजीव स्त्री घडवतो. त्या भूमिकेत तेव्हा अनोळखी असलेली ज्युली ख्रिस्ती. ही मालिका जॉन एलियटच्या साथीने लिहिली होती खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी. आणि नेमक्या त्याच काळात केंब्रिजमध्ये हॉइल यांच्या हाताखाली पीएचडी करत होते कोल्हापूरचे जयंत नारळीकर!

गुरुजी दिवसा विश्वाची समीकरणं मांडतात आणि मोकळ्या वेळात टीव्हीसाठी विज्ञानकथा लिहितात, हे शिष्याने जवळून पाहिलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठी विज्ञानकथेला तिचा सर्वांत लाडका लेखक.

‘ए फॉर अँड्रोमेडा’चा सातांपैकी जेमतेम एकच भाग आज पूर्ण स्वरूपात शिल्लक आहे. टेप महाग म्हणून त्या काळी बीबीसी जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरत असे. याचं मला अतोनात वाईट वाटतं.

खोडदला ऐकू आलेला मंगळ

‘अँड्रोमेडा’तल्यासारखी खरीखुरी रेडिओ दुर्बीण पाहायची तर नगरहून कल्याण रस्त्याने निघा, पारनेर तालुका मागे टाका, आणे घाट उतरून आळेफाट्याकडे या. तिथून जवळच, जुन्नर तालुक्यात, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं ‘स्कियापरेली’ हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचे क्षीण संदेश पृथ्वीवर थेट टिपले ते या खोडदच्या दुर्बिणीने. उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात तो आवाज बंद पडला, कारण यान कोसळलं होतं. मिलिगनच्या जन्मगावापासून काही तासांच्या अंतरावर, मंगळाजवळून आलेला खराखुरा आवाज!

हे सगळं पाहायचं-ऐकायचं असेल तर क्रम चुकवू नका. ‘क्वाटरमास अँड द पिट’चे सहाही भाग शाबूत आहेत. ते आधी पाहा, शक्यतो रोज एक, रात्री आणि दिवे घालवून. १९६७चा रंगीत चित्रपट नंतर. सहावा भाग संपला की मध्ये दुसरं काही न पाहता ‘द स्कार्लेट कॅप्सूल’ लावा. तो अर्ध्या तासाचा आहे. आणि नगर जिल्ह्यातल्या विज्ञान मंडळांना, नाट्यसंस्थांना एक विनंती: येत्या १६ एप्रिलला या दोन्हींचा एकत्र कार्यक्रम ठेवा. पहिल्या रांगेत एक खुर्ची माझ्यासाठी राखा.